करेक्शनच करतेय, मग शिकणार कधी?

एका पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरची, उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी पुण्यातल्या लहानशा डिझाइन स्टुडिओत सहा महिन्यांच्या इंटर्नशिपला आली आहे. दोन महिने झाले. कामं कुठली, तर सीनिअरने केलेल्या पोस्ट वेगवेगळ्या मापांत बसवायच्या, मसाल्याच्या पाकिटांवर करेक्शन लावायच्या आणि श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल अशा रूपात, आणून पानं लावायची. मैत्रिणी बंगळुरूत मोशन, म्हणजे हलती ग्राफिक्स, आणि थ्रीडी करताहेत. ती विचारते, 'उरलेल्या चार महिन्यांत नवीन काय शिकू? संध्याकाळी मोशनचा कोर्स लावू, की इंटर्नशिपच बदलू?'

वयाने तू माझ्या मुलीच्या बरोबरीची असशील, म्हणून सरळ अगं-तुगं करते. कोर्स आत्ता लावू नकोस. इंटर्नशिप बदलायची की नाही, हे कुठली कामं मिळतात त्यावरून ठरवू नकोस. त्याची खूण वेगळी आहे, ती पुढे सांगते. आधी तुझ्या त्या तीन 'फालतू' कामांकडे बघू. मला तर त्यात चार महिने कमी पडतील एवढं शिकण्यासारखं दिसतंय.

सगळ्यात कंटाळवाणं वाटतं ते श्रीलिपीचं काम, तिथूनच सुरुवात करते. त्या जुन्या फॉन्टांत अक्षर दिसतं मराठी, पण फाइलीत साठवलेलं असतं भलतंच चिन्ह. फॉन्ट काढला की उरतो नुसता कचरा. शिवाय पहिली वेलांटी डोळ्यांना जिथे दिसते तिथे, म्हणजे अक्षराच्या आधी टाइप केलेली असते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. कन्व्हर्टर ही उलथापालथ करतो आणि नव्वद टक्के वेळा बरोबर करतो. आपली गरज असते ती उरलेल्या दहा टक्क्यांसाठी.

एक उदाहरण घे. 'आचाऱ्यांचा मान' आणि 'आचार्यांचा मान'. पहिला स्वयंपाक करणाऱ्यांचा, दुसरा गुरूंचा. 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, 'दर्या' म्हणजे समुद्र. कन्व्हर्ट करताना तो चंद्रकोरीसारखा अर्धा र हमखास रफार होऊन बसतो, आणि स्पेलचेकला त्यात काही वावगं दिसत नाही, कारण दोन्ही शब्द खरेच असतात. हे पकडायला मराठी वाचणारा माणूसच लागतो. तू वाचतेस ना, की नुसतं कॉपी-पेस्ट करतेस? मी तुझ्या वयाची असताना नुसतं पेस्ट करायचे, म्हणून विचारलं.

याच कामात आणखी दोन-तीन गोष्टी फुकट शिकायला मिळतात. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाचा कंपोजर, म्हणजे अक्षरं जुळवणारी सेटिंग, 'वर्ल्ड-रेडी' नसेल तर जोडाक्षरं सुटतात आणि वेलांटी भलत्या बाजूला जाऊन बसते. तसं झालं की मुलं फॉन्टला शिव्या घालतात आणि अक्षरं आउटलाइन करून, म्हणजे त्यांचे नुसते आकार करून, हाताने जोडत बसतात. सेटिंग एक क्लिकचं आहे, पण ते का लागतं हे समजून घे. देवनागरीत अक्षरं नुसती एकापुढे एक येत नाहीत, ती शेजाऱ्याकडे बघून रूप बदलतात, आणि ते बदलवणारं इंजिन आधी चालू करावं लागतं.

दुसरं, आपला ल आणि श. पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठी रूपं. शासनाच्या २००९ च्या निर्णयातही तीच धरली आहेत. पण पुष्कळ फॉन्ट आधी हिंदी वळणाचे ल-श दाखवतात. काही फॉन्टांत मजकुराची भाषा 'मराठी' केली की अक्षरं आपोआप बदलतात. टिरो देवनागरी हा फॉन्ट तर मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा तीन वेगळ्या आवृत्त्यांत मिळतो, तो याच कारणाने. आणि इंग्रजी शीर्षकासारखं देवनागरी शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून कुणी ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवायला सांगितलं, तर आधी शिरोरेषेकडे बघ. ती तुटली की शब्द तुटला. हवी ती ऐसपैस जागा ओळींमध्ये दे. देवनागरीला वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार असा दोन्हीकडून पसारा असतो. मी ओळींतलं अंतर ठरवताना 'राष्ट्रीय', 'उद्ध्वस्त', 'कर्तृत्व', 'हृदय' असे शब्द वरखाली येतील असा एक परिच्छेद नेहमी हाताशी ठेवते. त्यात टक्कर झाली नाही तर कशातच होत नाही.

या विषयात आपल्याकडे खूप काम झालंय आणि ते कॉलेजात धड कुणी सांगत नाही. बापूराव नाईकांनी देवनागरी टायपोग्राफीवर तीन खंड लिहिले, ते १९७१ साली निघाले. र. कृ. जोशींनी केलेला मंगल फॉन्ट विंडोजबरोबर घराघरांत गेला. मुक्ता आणि बालू हे 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे फॉन्ट तू रोज वापरत असशील. ते फुकट आहेत म्हणून वापरतेस की बघून निवडतेस, हा फरक सहा महिन्यांत पडायला हवा. बंगळुरूच्या मैत्रिणीला थ्रीडी येईल, ते चांगलंच आहे. पण देवनागरी नीट लावता येणारी माणसं आज शोधूनही मिळत नाहीत. मी गेली दोन वर्षं शोधतेय.

आता मसाल्याचं पाकीट.

तू म्हणतेस, 'फक्त वजन आणि किंमत बदलायची असते.' बदलताना त्या पाकिटाच्या कडेला एक छोटा गडद चौकोन दिसला असेल. तो कशाला असतो, विचारलंस का? त्याला आय मार्क म्हणतात. पाकिटं भरणाऱ्या यंत्रातला सेन्सर तो चौकोन बघून रोल कुठे कापायचा ते ठरवतो. एका इंटर्नने आमच्याकडे 'डिझाइनमध्ये खुपतोय' म्हणून तो काढून टाकला होता. सीनिअरच्या नजरेला वेळेत पडलं म्हणून निभावलं, नाहीतर रोल छापून आला असता आणि पाकिटं मधोमध कापली गेली असती. असे पाउच बहुतेक ग्रॅव्हर नावाच्या छपाईने छापतात, आणि तिथे प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरलेला असतो. कागदावरच्या चुकीला एक प्लेट जाते, इथे अख्खा सिलिंडर जातो. फिल्म पारदर्शक असेल तर पांढरा हाही एक छापायचा रंग होतो, त्याचा वेगळा थर द्यावा लागतो. स्क्रीनवर पांढरं दिसतंय म्हणून गप्प बसलं, तर रंगांतून मसाला दिसतो.

बारकोडची गोष्ट माझ्याच हातची आहे. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पापडाचं एक पाकीट केलं होतं, क्रीम रंगावर लाल. दोन रंगांतच छापायचं होतं, म्हणून बारकोडही लालच ठेवला. दिसायला देखणा! दुकानातल्या स्कॅनरने तो वाचलाच नाही. साध्या स्कॅनरचा प्रकाश लाल असतो. लाल उजेडात लाल रेघ आणि क्रीम कागद दोन्ही सारखेच उजळ दिसतात, त्याला रेघा दिसणार कुठून? माल परत आला. आम्ही चौघांनी बसून पाकिटांवर काळ्या बारकोडचे स्टिकर चिकटवले आणि तो खर्च स्टुडिओने सोसला. मालकीणबाई एक शब्द बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. तेव्हापासून बारकोडची मापं पाठ आहेत. आपल्याकडे वापरतात त्या तेरा अंकी कोडचं मूळ माप मोकळ्या जागेसह ३७.२९ गुणिले २५.९३ मिलिमीटर, लहान करायचा तर ८० टक्क्यांपर्यंत, आणि डावी-उजवीकडची मोकळी जागा खायची नाही. डिझायनर ती जागा खातातच. रिकामी जागा दिसली की आपला हात शिवशिवतो.

वजन, कमाल किंमत, उत्पादकाचा पत्ता, ग्राहक तक्रारीचा संपर्क हा सगळा मजकूर आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनी बांधलेला असतो. आकड्यांची किमान उंचीही ठरलेली असते. शाकाहाराचा हिरवा ठिपका, परवाना क्रमांक, घटकपदार्थ हे अन्नसुरक्षेच्या नियमांत येतं. हे नियम एकदा मुळातून वाच. रटाळ आहेत, पण क्लाएंटसमोर 'हा आकडा याहून लहान करता येणार नाही' असं ठामपणे सांगणाऱ्या मुलीकडे लोक दुसऱ्यांदा वळून बघतात.

पोस्टची मापं बदलण्याबद्दल जास्त बोलत नाही. तिथे शिकायचं एकच. उभ्या १०८० बाय १९२० पिक्सेलमधून चौकोनी १०८० बाय १०८० मध्ये येताना काहीतरी सोडावं लागतं, आणि काय सोडायचं हे ठरवणं म्हणजेच डिझाइन. सगळंच लहान करून कोंबत असशील तर मग ते काम खरंच फालतू आहे.

आता प्रेस. तुझ्या पत्रात प्रेसचा उल्लेखच नाही आणि मला खरी काळजी त्याची वाटली. दोन महिने पुण्यात राहून तू एकदाही प्रेसवर गेली नसशील तर या आठवड्यात जा. शनिवार-नारायण पेठेत अजूनही चिकार छापखाने आहेत.

मी १९९८ साली इंटर्न होते. पेजमेकर, कोरल ही तेव्हाची सॉफ्टवेअरं, आणि एकरंगी कामाला बटर पेपरवर लेझर प्रिंट काढून द्यायचो. रंगीत कामाच्या फिल्म निघायच्या. माझं पहिलं मोठं काम म्हणजे एका संस्थेचं माहितीपत्रक. फाइल दिली आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रेसमधून निरोप आला, 'ताईंना पाठवा.' मशीनमन साठीतले होते, पांढरा शर्ट, खिशात भिंग. ते काही बोललेच नाहीत. छापलेला कागद उजेडात धरला, भिंग माझ्या हातात दिलं आणि मजकुरातल्या एका 'क'वर बोट ठेवलं. भिंगातून बघितलं तर त्या एका काळ्या 'क'च्या डाव्या अंगाला गुलाबी कड, उजव्या अंगाला निळसर. अक्षर जणू थरथरत होतं. नऊ पॉइंटाचा मजकूर मी चार रंगांच्या काळ्यात, म्हणजे छपाईच्या चारही शाया मिसळून केलेल्या काळ्यात, दिला होता. चार प्लेटा केसभर इकडेतिकडे झाल्या की एवढ्या बारीक अक्षराचं तेच होणार. ते म्हणाले, 'मशीन मी जुळवून जुळवून किती जुळवू? काळं काळ्यातच द्या की.'

एवढंच बोलले, पण सत्तावीस वर्षांत मी मजकुराला शंभर टक्के काळ्याशिवाय दुसरं काही दिलेलं नाही. हेच वाक्य कॉलेजात वहीत लिहून घेतलं होतं, परीक्षेतही लिहिलं होतं. तेव्हा ते मला आलेलं नव्हतं.

प्रेसवर गेलीस की कागद समजून घे. कागदाचं गणित डिझाइनच्या पहिल्या दिवशी लागतं, आणि आपण ते शेवटच्या दिवशी करतो. समज, क्लाएंटला चौकोनी कार्ड हवंय आणि तू साडेसात इंच धरलंस. तीन मिलिमीटरचं ब्लीड, म्हणजे कापण्यासाठी कडेला सोडलेला जादा भाग, चहूबाजूंनी धरून ते पावणेआठ होतं. २३ बाय ३६ इंचाच्या कागदात आडवी दोन आणि उभी चार, म्हणजे आठ बसतात. तेच सात इंच केलंस तर ब्लीडसकट सव्वासात, आडवी तीन, उभी चार, बारा. अर्ध्या इंचाने एका कागदात चार कार्डं वाढली, आणि मशीनच्या ग्रिपरला, म्हणजे कागद धरणाऱ्या चिमट्याला, जागाही उरली. क्लाएंटला तो अर्धा इंच कधी जाणवणार नाही, बिल मात्र जाणवेल. हे गणित कुठल्याही सॉफ्टवेअरच्या कोर्समध्ये शिकवत नाहीत. कटिंगवाल्याजवळ अर्धा तास उभी राहा, तो तोंडी सांगेल. जाताना चहा सांग, आणि दुपारी जेवणाच्या वेळी किंवा मशीन चालू करतानाच्या घाईत जाऊ नकोस. त्या वेळी कुणीच शिकवत नसतं.

तू लिहिलंयस, 'सीनिअर काही शिकवत नाहीत, विचारलं तर नंतर बघू म्हणतात.' हे खरं असेल. पण काय विचारतेस त्यावरही आहे. 'मला टायपोग्राफी शिकवाल का?' याला कामाच्या धबडग्यात कुणीही 'नंतर बघू' असंच म्हणेल, मीही म्हणते. त्याऐवजी दोन प्रिंट काढून त्यांच्या टेबलावर ठेव आणि विचार, 'दादा, यात ओळींतलं अंतर चौदा पॉइंट ठेवलंय, यात साडेपंधरा. मला दुसरं बरं वाटतंय, पण पान वाढतंय. काय करू?' याचं उत्तर द्यायला दोन मिनिटं लागतात आणि माणूस ते देतोच. कारण त्यालाही मत असतं, आणि मत विचारलेलं सगळ्यांना आवडतं. स्क्रीनवर दाखवू नकोस, प्रिंटच काढ. कागद हातात आला की सीनिअर आपोआप पेन काढतो.

त्या पेनासाठी एक वही कर. साधी दोनशे पानी. डाव्या पानावर तू काय केलं होतंस, उजव्या पानावर काय बदललं गेलं, आणि खाली का. 'का' माहीत नसेल तर जागा मोकळी सोड आणि शनिवारी विचार. महिनाभराने पानं चाळलीस तर तुझ्या चुकांचा नमुना दिसायला लागेल. माझ्या वहीत पहिल्या महिन्यात अकरा वेळा एकच शेरा होता: 'समास कमी'. अकरा वेळा! मला वाटायचं साहेबांना समासाचं वेड आहे.

क्लाएंट मीटिंगला बसायला मिळत नाही म्हणतेस. 'मी नोंदी घेते' असं म्हणून बघ. नोंदी घेणारं माणूस सगळ्यांना हवं असतं. आणि मीटिंगमध्ये ऐक, क्लाएंट 'लोगो मोठा करा' म्हणतो तेव्हा त्याला खरं काय हवं असतं. पुष्कळदा त्याला भीती असते की दुकानाच्या फळीवर लांबून आपलं पाकीट ओळखू येणार नाही. मग लोगो तेवढाच ठेवून मागचा रंग शांत केला, तरी त्याचं समाधान होतं. नेहमी नाही होत. कधीकधी त्याला खरंच लोगो मोठा हवा असतो.

आता ती खूण. इंटर्नशिप सोडायची की नाही हे ठरवताना एवढंच बघ: गेल्या महिन्याभरात तुझ्या कामावर कुणी लाल पेन चालवलंय का? चालवलं असेल तर काम कितीही किरकोळ असो, थांब. तुझं काम न बघताच पुढे जात असेल, चूक झाली तर ओरडा मिळतो पण बरोबर कसं ते कुणी दाखवत नसेल, किंवा स्टुडिओत तुझ्याहून जास्त येणारं कुणीच नसेल, तर निघ. स्टायपेंड न देता दहा-दहा तास राबवून घेत असतील, बँकेची आणि घरची कामं सांगत असतील, तर एवढंही तपासायची गरज नाही. 'शिकायला मिळतंय ना' हे वाक्य अशा ठिकाणी फार ऐकू येतं. तुझ्या पत्रावरून तुझा स्टुडिओ तसा वाटत नाही. करेक्शन लावतेस म्हणजे कुणीतरी करेक्शन काढतंय.

मोशन, थ्रीडी आणि अ‍ॅप-वेबसाइटचे स्क्रीन करायचं फिग्मा, यांचं काय? शिकच, पण इंटर्नशिप संपल्यावर. दोन-तीन महिने मन लावून बसलीस तर हातात येतात, घरी बसून येतात. प्रेस, पाकीट, क्लाएंट आणि लाल पेन घरी बसून मिळत नाही. फार वाटलंच तर आत्ता फिग्मात ऑटो लेआउट, म्हणजे मजकुराप्रमाणे आपोआप लहानमोठी होणारी मांडणी, तेवढं कर, आणि तेही मराठी मजकूर घालून. इंग्रजी 'सेव्ह'च्या बटणात 'जतन करा' बसवताना जी तारांबळ उडते, त्यात अर्धा विषय येतो. एआयने चित्रं काढतेस असंही लिहिलंयस. काढ, पण त्यातली देवनागरी डोळे झाकून पुढे पाठवू नकोस, अक्षरासारखं दिसणारं पण अक्षर नसलेलं काहीतरी त्यात हमखास सापडतं. आणि क्लाएंटचा माल त्यात टाकण्याआधी मालकांना विचार.

पोर्टफोलिओचंही विचारूनच कर. स्टुडिओत केलेलं काम स्टुडिओचं किंवा क्लाएंटचं असतं, बाजारात यायच्या आधी ते दाखवणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. परवानगी मिळाली की तुझा वाटा खरा खरा लिही: 'मूळ डिझाइन सीनिअरचं, सहा चवींची पाकिटं मी लावली, मजकूर युनिकोडमध्ये आणला, प्रेस प्रूफ मी तपासलं.' मुलाखतीला येणाऱ्या मुलांत 'संपूर्ण ब्रँडिंग' रोजच येतं. 'प्रेस प्रूफ मी तपासलं' हे गेल्या वर्षभरात मी एकदाच वाचलं. त्या मुलाला घेतलं.

तू जूनमध्ये लागलीस म्हणजे आता ऑगस्ट. पुण्यातल्या कुठल्याही स्टुडिओत ऑगस्टपासून दिवाळी अंकांची गडबड सुरू होते. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हा आपला सीझन. तुमच्याकडे एखादा अंक येत असेल तर कथेच्या पानांमागे लागू नकोस, ती सीनिअर घेणारच. जाहिरातींची पानं मागून घे. चाळीस-पन्नास जाहिराती येतात, कुणाची श्रीलिपीत, कुणाची वर्डमध्ये, कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतो, कुणाचा लोगो ७२ डीपीआयचा, म्हणजे छापायला फुटणारा. त्या सगळ्या एका मापात, एका काळ्यात, वेळेत बसवायच्या असतात. फर्मे, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचे संच, छपाईला सुटतील तेव्हा प्रेसवर मीच जाते असंही आत्ताच सांगून ठेव. भिंग मात्र स्वतःचं घेऊन जा, अप्पा बळवंत चौकात स्टेशनरीच्या दुकानात विचारलंस तर मिळेल.